संसार, संगोपन आणि काव्यरचना : मराठी स्त्रीवाङ्मयातील एका प्रश्नाचा विचार

१

काव्याची कारणे सांगताना संस्कृत शास्त्रकारांनी प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास ह्या तिघांची गणना केली. त्यांपैकी प्रतिभा जन्मजात मानली, तरी उरलेल्या दोघींना वेळ लागतो, हे उघड आहे. तो वेळ कवीला कोठून मिळतो, हा प्रश्न मात्र बहुतेक शास्त्रकारांच्या मनात आलेला दिसत नाही. ह्याला महत्त्वाचा अपवाद राजशेखराचा. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या आपल्या 'काव्यमीमांसे'त त्याने कवीच्या दिनचर्येला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. दिवसाचे प्रहर पाडून त्याने एक विद्याभ्यासासाठी, दुसरा रचनेसाठी, तिसरा काव्यगोष्ठीसाठी आणि चौथा सकाळच्या रचनेच्या परीक्षणासाठी राखून ठेवला. कवीचे घर स्वच्छ असावे, भोवती बाग असावी, सेवक तत्पर असावेत आणि लेखक हाताशी असावा, हेही त्याने सांगितले आहे. ह्याच अध्यायात, संस्कार हा आत्म्याला लागून असतो व त्याला स्त्रीपुरुषभेद नाही, म्हणून स्त्रियाही कवी होऊ शकतात, असे त्याने निःसंदिग्धपणे म्हटले. त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिची मते तो आदराने उद्धृत करतो, हेही प्रसिद्ध आहे.

राजशेखराची ही उदारता निर्विवाद आहे. पण त्याची ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचली की त्यांच्यातील अंतर ध्यानात येते. स्त्री कवी होऊ शकते हे एक, आणि कवीचा दिवस असा असावा हे दुसरे. ज्या स्त्रीच्या दिवसाचे चारही प्रहर दुसऱ्यांच्या भुकेने, निजेने आणि आजाराने आधीच वाटून घेतले आहेत, तिने काव्यक्रियेचा प्रहर कोठून आणावा, ह्याचे उत्तर 'काव्यमीमांसे'त नाही. सुमारे हजार वर्षांनी, १९२९ साली, व्हर्जिनिया वुल्फ ह्या इंग्रज लेखिकेने हाच प्रश्न अर्थकारणाच्या भाषेत विचारला. लेखन करू इच्छिणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंडांचे उत्पन्न हवे, हे तिचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. राजशेखर आणि वुल्फ ह्यांच्यात काळाचे आणि दृष्टीचे अंतर फार मोठे असले, तरी एका गृहीतकापाशी दोघे एकत्र येतात. संसारापासून तोडून काढलेला वेळ आणि संसारापासून वेगळी काढलेली जागा ही निर्मितीची पूर्वअट आहे, असे दोघेही धरून चालतात.

मराठी स्त्रीवाङ्मयाचा फार मोठा भाग ही पूर्वअट पुरी न होता निर्माण झाला आहे. ह्या वस्तुस्थितीची उपपत्ती लावताना मराठी समीक्षेत प्रायः दोन प्रकारची उत्तरे आढळतात. एक पक्ष म्हणतो, संसाराचा भार असूनही ह्या स्त्रियांनी रचना केली. म्हणून त्यांचे कौतुक अधिक. दुसरा पक्ष म्हणतो, संसारामुळेच त्यांच्या रचनेला सच्चेपणा आला. म्हणून त्यांच्या कष्टांनाच काव्याचे उगमस्थान मानावे. पहिल्या पक्षात संसार हा निव्वळ अडथळा ठरतो, दुसऱ्यात तो निव्वळ प्रेरणा ठरतो. दोन्ही पक्ष रचनेच्या अंगोपांगांकडे मात्र पाहत नाहीत. संसाराने ह्या स्त्रियांना कोणत्या जातीचा वेळ दिला आणि त्या वेळाने त्यांच्या रचनेला कोणता आकार दिला, ह्या प्रश्नाची चर्चा जात्यावरची ओवी, बहिणाबाई चौधरी, लक्ष्मीबाई टिळक आणि इंदिरा संत ह्या चार उदाहरणांच्या आधारे करणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

आरंभीच एक भेद स्पष्ट करावयास हवा. 'घरकाम' ह्या एका शब्दाखाली दोन निराळ्या व्यापारांची सरमिसळ होते. दळण, कांडण, सडासारवण, पाणी भरणे ही कामे आहेत. मुलाचे संगोपन, म्हाताऱ्याची देखभाल, आजाऱ्याची शुश्रूषा ही निराळ्या प्रकारची जबाबदारी आहे. कामात शरीर गुंतते. तीच हालचाल पुनःपुन्हा करावयाची असल्यामुळे मन मोकळे राहू शकते. संगोपनात आणि शुश्रूषेत पुष्कळदा उलटे घडते. हात रिकामे असतात, पण लक्ष अडकलेले असते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली आई वरवर पाहता काहीच करीत नसते. तरी तिच्या मनाला दुसरीकडे जाण्याची मुभा नसते. काम संपते, निदान आजच्यापुरते तरी संपते. संगोपनाला संपण्याची वेळ ठरलेली नसते. म्हणून कलानिर्मितीशी ह्या दोघांचे नाते एकच असेल असे मानणे तर्काला धरून नाही.

हा भेद मनात ठेवून जात्यावरच्या ओवीकडे पाहिले म्हणजे तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. स्त्रियांच्या ओवीची परंपरा किती जुनी आहे, ह्याचा दाखला चालुक्यनृपती सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त (११२९) सापडतो. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ग्रंथकर्त्यांनी तत्त्वज्ञानासाठी ओवी वापरण्यास आरंभ केला त्या काळाच्या आसपासच ती श्रमाशी जोडलेला गानप्रकार म्हणून दूरवर ठाऊक होती. दळणाची वेळ पहाटेची. घर अजून निजलेले असते. कोणी हाक मारीत नाही, कोणी काही मागत नाही. खुंट्याला एक किंवा दोन हात लागलेले, मधून मधून दाणे वैरायचे, आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर आवाज लावायचा. संसारी स्त्रीच्या दिवसातला हा असा एकच तुकडा म्हणता येईल की ज्यात शरीर कामाला जुंपलेले असल्यामुळे मनाला कोणी जाब विचारीत नसे. बसून गाणाऱ्या सुनेला सासरी बोल लागला असता. दळता दळता गाणाऱ्या सुनेला तो लागत नसे.

ह्या वेळाचा आकार ओवीच्या आकारात उतरलेला आहे. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. प्रत्येक ओळ मध्ये विसावा घेते. पहिल्या ओळीत एखादी वस्तू, वाट, झाड, गाव दिसते. दुसऱ्या ओळीत त्याला नात्याचा अर्थ मिळतो. अक्षरसंख्येचे बंधन सैल आहे. कमी पडले तर 'बाई', 'सई', 'गं' हे शब्द भर घालतात, जास्त झाले तर गळा ते आवरून घेतो. मुख्य गोष्ट अशी की, प्रत्येक ओवी स्वतःत पुरी असते. मूल रडले, सासूने हाक मारली, पीठ संपले, तर गाणारीला कोठेही थांबता येते आणि थांबल्याने काही अपुरे राहत नाही. पुढे दुसऱ्या दिवशी तोच विषय धरून पुढची ओवी गाता येते, किंवा समोर बसलेली जाऊ तो विषय उचलू शकते. खंडाची सवय असलेल्या जीवनाने खंडाने न मोडणारा रचनाबंध घडविला, असे म्हणणे येथे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ह्या ओव्यांचे विषय पाहिले तर त्यांत दळणाविषयी त्या मानाने थोडे आणि संगोपनाच्या नात्यांविषयी पुष्कळ आढळते. मुलगा, लेक, भाऊ, आई, माहेर हे तिचे नित्याचे विषय. ज्या काळजीत दिवसभर लक्ष अडकून असते, ती पहाटे थोडी दूर ठेवून पाहता येते. मूल शेजारच्या खोलीत निजलेले आहे, म्हणूनच त्याच्यावर ओवी सुचते. ते कडेवर असते तर अंगाई झाली असती. अंगाई हे संगोपनाचे साधन आहे, मूल निजले की तिचे प्रयोजन संपते. ओवी ही संगोपनाच्या अनुभवाकडे मागे वळून पाहणारी रचना आहे. दोन्ही गीतेच असली, तरी अभ्यासकाने त्यांना एकाच पंक्तीत बसविणे युक्त नव्हे.

पुढे पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. जर फुरसत हीच काव्याची जननी असती, तर वाचलेल्या वेळात स्त्रियांनी अधिक ओव्या रचावयास हव्या होत्या. तसे झाले नाही. वाचलेला वेळ दुसऱ्या कामांनी भरून काढला आणि गाणे विसाव्याच्या जागेसह गेले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्यांनी पुण्याहून चालविलेल्या संकलनात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतील पुष्कळशा ज्या स्त्रियांनी सांगितल्या त्यांचे दळण केव्हाच थांबले होते, गाणे स्मरणात होते. हा संग्रह २०१७ पासून ध्वनिमुद्रणांसह क्रमाने लोकांपुढे येत आहे. ह्या घटनेने 'फुरसतीतून काव्य' हा पहिला पक्ष लंगडा पडतो. पण तेवढ्यावरून 'कष्टांतून काव्य' हा दुसरा पक्ष सिद्ध होत नाही. पाच पायल्या दळून हाताला घट्टे पडलेल्या स्त्रीला गाण्यासाठी पुन्हा जात्याला बसविण्याची शिफारस कोणताही विचारी समीक्षक करणार नाही. ह्यावरून निष्पन्न होते ते इतकेच की, निर्मितीला लागतो तो नुसता रिकामा वेळ नव्हे. ज्या वेळावर दुसऱ्या कोणाचा हक्क पोचत नाही, असा वेळ तिला लागतो. मग त्या वेळात हात कामात असले तरी चालते.

३

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांचे उदाहरण ह्या परंपरेतीलच, पण एका महत्त्वाच्या दृष्टीने तिच्याबाहेरचे आहे. जळगावजवळच्या असोदे गावी जन्म, बालवयात जळगावच्या चौधरी घराण्यात विवाह, तारुण्यातच वैधव्य, पदरी तीन मुले, मोठ्या मुलाला प्लेगाने आलेले अपंगत्व, आणि शेतीचा सगळा व्याप. अक्षरओळख नाही. अशा स्थितीत, शेतात आणि चुलीपाशी, घरोटावर आणि वाटेने चालता चालता त्यांनी जी गाणी रचली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' ह्या नावाने प्रसिद्ध झाली.

ओवीची परंपरा सामूहिक आणि निनावी आहे. बहिणाबाईंची रचना त्या परंपरेच्या लयीवर पोसलेली असली तरी तीत एकच एक मन आरंभापासून अखेरपर्यंत विचार करीत आहे, हे स्पष्ट दिसते. मनाविषयीचे त्यांचे गाणे घ्यावे, किंवा संसाराविषयीचे. त्यांत एक उपमा दुसरीला जन्म देते, प्रत्येक कडवे मागच्या कडव्यातील कल्पना थोडी पुढे सरकविते आणि शेवटी ती विचाराच्या पातळीवर पोचते. तरीही प्रत्येक कडवे सुटे काढले तर म्हणीसारखे उभे राहते. लिहून ठेवण्याची सोय नसलेल्या कवयित्रीला आपली रचना स्मरणात वागवावी लागते, आणि स्मरणही इतर शंभर गोष्टींनी भरलेले असते. बियाणे किती उरले, गाय कधी विणार, कोणाच्या पोटात दुखते, ह्या सर्वांच्या बरोबर जे कडवे टिकून राहील तेच उरेल. बहिणाबाईंच्या शैलीत जो घट्टपणा रसिकांना जाणवतो, ज्याला केवळ 'ग्राम्य बोलीचा गोडवा' म्हणून बाजूस सारणे योग्य नाही, त्याचे एक कारण ह्या गाळणीत शोधावे लागेल. त्यांच्या वैधव्यावरील रचनेत सौभाग्याची बाह्य चिन्हे गेल्यावर अंगावर व अंगात काय शिल्लक राहते ह्याचा हिशेब आहे. तो हिशेब वाचताना शोकगीताइतकीच घरधनिणीच्या काटेकोर मोजदादीची आठवण होते.

त्यांच्या सुगरण पक्ष्यावरील गाण्याचा येथे विशेष विचार करणे उचित ठरेल. केवळ चोचीच्या आधारे झाडाला टांगता खोपा विणणारी आणि त्यात पिलांना जोजविणारी सुगरण, हे त्या गाण्यातील मध्यवर्ती चित्र. कारागिरीचे कौतुक आणि मायेचे कौतुक ही दोन्ही त्यात अभिन्न आहेत. आता निसर्गातील वस्तुस्थिती अशी आहे की, सुगरण पक्ष्यांत खोपा विणतो तो नर. मादी तो पाहते, पसंत करते आणि पुढे अंडी उबविणे व पिले वाढविणे ही कामे बहुतांशी तिची असतात. म्हणजे विणकर आणि संगोपक ह्या दोन भूमिका निसर्गाने दोन पक्ष्यांत वाटून दिल्या आहेत. बहिणाबाईंनी, आणि त्यांच्या आधी लोकभाषेने, त्या पक्ष्याला गृहकुशल स्त्रीचे नाव देऊन त्या एकत्र केल्या. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने ही चूक दाखविता येईल. काव्याच्या दृष्टीने ती अर्थपूर्ण आहे. ज्या स्त्रीच्या अनुभवात घर उभारणारी आणि मुले वाढविणारी एकच व्यक्ती होती, तिला ह्या दोन भूमिका वेगळ्या असू शकतात ही कल्पनाच परकी होती. कला एका बाजूला आणि संगोपन दुसऱ्या बाजूला, अशी जी विभागणी आधुनिक चर्चेत सहज गृहीत धरली जाते, ती ह्या गाण्याच्या जगात अस्तित्वातच नाही. पिलांसाठी केलेली वस्तूच तेथे कलाकृती आहे.

परंतु ह्याच ठिकाणी समीक्षकाने सावध राहावयास हवे. बहिणाबाईंच्या रचनेत ही एकात्मता आहे, म्हणून त्यांच्या जीवनातही ती तशीच सुखाची होती, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यांची गाणी उपलब्ध झाली ती मुलगा सोपानदेव चौधरी स्वतः कवी होता आणि त्याने व घरातील दुसऱ्या एका आप्ताने ती उतरून ठेवली म्हणून. जी कानी पडली नाहीत, शेतात जी मातीत जिरली, त्यांची गणती करण्याचे साधन नाही. उपलब्ध गाणी हा त्यांच्या निर्मितीचा पूर्ण संग्रह नसून ती दुसऱ्याच्या हाती लागलेली निवड आहे, हे सूत्र त्यांच्या शैलीविषयी कोणतेही विधान करताना विसरता कामा नये.

४

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांच्या 'स्मृतिचित्रां'चा विचार आतापर्यंत मुख्यतः आत्मचरित्र, विनोद आणि धर्मांतराचा इतिहास ह्या तीन अंगांनी झाला आहे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्या ग्रंथाला आणखी एक महत्त्व आहे. येथे लेखिका केवळ मुलांचे संगोपन करीत नाही. ती कवींचे संगोपन करते. नारायण वामन टिळक ह्यांच्या कवित्वाला जो मोकळेपणा लाभला, घरातून न सांगता निघून जाण्याचा, हाती आलेले देऊन टाकण्याचा, एका ध्यासापायी बाकी सर्व विसरण्याचा, त्याची किंमत घरात कोणी आणि कशी चुकविली, ह्याची नोंद 'स्मृतिचित्रां'त पानोपानी आहे. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाईंना लहान मुलासह काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले. १९०० साली त्यांनी स्वतः तो धर्म स्वीकारला. पुढे अहमदनगरच्या घरात पोरकी मुले, विद्यार्थी, आश्रित आणि पाहुणे ह्यांचा राबता राहिला. त्यांतच त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, हेही टिळकांच्या घरी राहिले. मराठी निसर्गकवितेचा इतिहास लिहिताना ह्या घरातील स्वयंपाकघराची नोंद क्वचितच होते. राजशेखराने कवीच्या घरी जे तत्पर सेवक कल्पिले होते, त्यांची जागा व्यवहारात कोणी भरून काढली, ह्याचे उत्तर ह्या पुस्तकात मिळते.

टिळकांविषयी तक्रार मांडणे हा 'स्मृतिचित्रां'चा हेतू नाही, आणि ह्यातच त्याचे वाङ्मयीन सामर्थ्य आहे. संताप येण्यासारख्या प्रसंगी लेखिका स्वतःकडे आणि पतीकडे सारख्याच अंतरावरून पाहते. ह्या अंतराला काळ कारणीभूत आहे. लक्ष्मीबाईंचे हे लेखन १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागले. म्हणजे तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेले होते आणि टिळकांना जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. जो अनुभव भोगताना त्यावर लिहिण्याची सवड नव्हती, तो सवड मिळेपर्यंत इतका निवळला की त्यातून हास्य वर आले. ग्रंथाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. त्यात दीर्घ चिंतन नाही, मनोविश्लेषणाचे परिच्छेद नाहीत. एकामागून एक प्रसंग येतात, प्रत्येकाला स्वतःचा आरंभ व शेवट आहे, आणि संवादावर सारा भर आहे. नावातील 'चित्रे' हा शब्द ह्या बांधणीचे अचूक वर्णन करतो. ओवीप्रमाणेच येथेही घटक लहान आणि स्वयंपूर्ण आहे. फरक इतकाच की ओवी कामाच्या मध्यंतरी रचली जात असे आणि हे चित्र जन्मभराच्या कामानंतर रेखाटले गेले.

ह्या विलंबाचा लाभ ग्रंथाला झाला हे खरे. पण विलंबालाच गुण मानण्याची चूक करू नये. साठीपर्यंत जगणे, स्मरण शाबूत असणे, आग्रह करून लिहवून घेणारा देवदत्तांसारखा मुलगा असणे, हे सारे योगायोग जुळले म्हणून मराठीला हा ग्रंथ मिळाला. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे कामही लक्ष्मीबाईंनी केले आणि त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. एका कवीच्या निधनानंतर त्याचे अपुरे काव्य पुरे करण्याची जबाबदारी जिच्यावर पडते, तिचे स्वतःचे लेखन त्यामागून येते, हा क्रम वाङ्मयेतिहासकाराने नोंदवून ठेवण्यासारखा आहे. टिली ओल्सन ह्या अमेरिकन लेखिकेने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचाही वाङ्मयेतिहासात विचार व्हावा, असा आग्रह धरला. तिला स्वतःला मुलींचे संगोपन आणि नोकरी ह्यांमुळे अनेक वर्षे लेखन बाजूला ठेवावे लागले होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ह्या आग्रहाचा अर्थ असा की, एक 'स्मृतिचित्रे' वाचताना त्याआधीच्या चाळीस वर्षांच्या रिकाम्या पानांचाही विचार करावा.

५

इंदिरा संत (१९१४–२०००) ह्यांच्यापाशी येताना परिस्थिती पालटते. त्या सुशिक्षित आहेत, अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या आहेत, त्यांचे पती ना. मा. संत हेही लेखक आहेत आणि दोघांचा 'सहवास' हा संयुक्त संग्रह आधीच निघालेला आहे. १९४६ साली ना. मा. संतांचे निधन झाले. बेळगावची अध्यापनाची नोकरी आणि तीन मुलांचे संगोपन ही दुहेरी जबाबदारी एकट्या इंदिराबाईंवर आली. ह्याच काळात 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५) आणि 'मृगजळ' (१९५७) हे तीन संग्रह प्रसिद्ध झाले. म्हणजे 'संसाराच्या भाराने कविता थांबते' हा नियम येथे लागू पडत नाही.

मात्र ह्या कवितेत नोकरीची धावपळ किंवा मुलांच्या संगोपनाची तपशीलवार नोंद शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. विरह, एकाकीपण, ऋतू, संध्याकाळ आणि घरातील मूक वस्तू ह्यांनी ती व्यापली आहे. ह्यामुळे तिला केवळ वैयक्तिक दुःखाची कविता ठरविण्याकडे कल झाला. परंतु तिच्या रचनेकडे पाहिले तर संगोपनाचा परिणाम विषयात नव्हे, तर बंधात दिसतो. कविता आखूड आहे. एकच भाववृत्ती, बहुधा एकच प्रतिमा, आणि शेवटी अर्धवट उघडलेले दार. दिवसभर ज्यांच्यासमोर खंबीर राहावयाचे आहे अशी मुले घरात असताना दुःखाला मोठ्याने बोलता येत नाही. आवाज खाली ठेवून बोलण्याची ही सवय त्यांच्या शैलीचा धर्म बनली. ज्याला समीक्षक संयम म्हणतात, त्यात कलात्मक निवड आहे, तसाच निजलेल्या मुलांच्या खोलीशेजारी बसून लिहिणाऱ्या स्त्रीचा व्यवहारी संकोचही आहे, असा तर्क ह्या बंधावरून करता येतो. एक गोष्ट मात्र नाकारता येणार नाही. नियमित वेतन आणि अध्यापनाने दिलेली वाङ्मयाची सोबत ह्यांनी इंदिराबाईंना जी स्थिरता दिली, ती बहिणाबाईंना आणि लक्ष्मीबाईंना कधीच मिळाली नाही. वुल्फच्या पाचशे पौंडांचे मोल येथे पटते.

इंदिराबाईंनी उत्तरायुष्यात स्त्रियांच्या ओव्यांचे संकलन व विवरण 'मालनगाथा' ह्या नावाने सिद्ध केले. ओवी रचणाऱ्या अनाम स्त्रीला त्यांनी 'मालन' हे नाव दिले आणि तिला कवयित्री म्हणून आपल्या पंक्तीला बसविले. 'गर्भरेशीम' (१९८२) ह्या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या कवयित्रीने जात्यापाशी बसलेल्या स्त्रीत आपली पूर्वसूरी ओळखावी, ही गोष्ट औपचारिक कृतज्ञतेच्या पलीकडची आहे. दोघींचे सामाजिक स्थान निराळे. पण लहान, बंदिस्त, खाली आवाजात म्हणावयाचा रचनाबंध दोघींच्या वाट्याला सारख्याच कारणाने आला, ह्याची जाणीव त्यामागे असावी.

६

ह्या चार उदाहरणांवरून काही मर्यादित निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, संसारी स्त्रीच्या रचनेत आढळणारा लघुत्वाचा गुण हा प्रतिभेच्या लहानपणाचा पुरावा नव्हे. महाकाव्य आणि महाकादंबरी ह्यांना अखंड वेळ लागतो. ज्यांना तो मिळाला नाही त्यांनी खंडातही पुरी राहणारी रूपे शोधली. ओवी, म्हणीसारखे कडवे, स्वयंपूर्ण स्मृतिप्रसंग आणि आखूड भावकविता ही त्या शोधाची फळे होत. त्यांचे मूल्यमापन ह्या रूपांच्या अंगभूत नियमांनीच व्हावयास हवे.

दुसरा निष्कर्ष संहितेसंबंधी आहे. बहिणाबाईंची गाणी आणि लक्ष्मीबाईंच्या आठवणी आपल्यापर्यंत पोचल्या त्या त्यांच्या मुलांच्या हातून. ज्यांना वाढविले त्यांनीच आईचे वाङ्मय जतन केले, ही गोष्ट हृद्य आहे. पण तिच्यातच एक अन्याय दडलेला आहे. ज्यांची मुले कवी निघाली नाहीत, ज्यांची मुले जगली नाहीत, ज्यांना मुलेच नव्हती, अशा स्त्रियांच्या रचनेचे काय झाले? अशा स्त्रियांना निदान नाव मिळण्यासाठी ओव्यांच्या संकलनाइतका मोठा सामुदायिक प्रयत्न व्हावा लागला. म्हणून 'प्रसिद्ध झालेले तेवढेच वाङ्मय' ही व्याख्या स्त्रीवाङ्मयाच्या अभ्यासात अपुरी पडते.

तिसरा निष्कर्ष समीक्षेच्या भाषेविषयी आहे. मराठीत प्रपंच आणि परमार्थ ही जोडी फार जुनी आहे. संतांनी तिच्यातील विरोध मिटविण्याचा आपापल्या परीने यत्न केला. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठलच दळू-कांडू लागतो, ही कल्पना त्या यत्नाचे सर्वांत धीट रूप होय. आधुनिक समीक्षेने परमार्थाच्या जागी कला बसविली आणि तीच जोडी पुढे चालविली. त्यामुळे संसार सांभाळून लिहिणाऱ्या स्त्रीचे कौतुक साधकाच्या सहनशीलतेसारखे होऊ लागले. जनाबाईच्या कल्पनेचा व्यावहारिक अर्थ मात्र ह्या कौतुकात हरवतो. तेथे देव तिच्या सहनशीलतेची स्तुती करीत नाही. तो खुंट्याला हात लावतो. दळणाचा वाटा कोणी उचलला म्हणजे गाणे पुढे जाते, हे त्या कल्पनेत स्वच्छ सांगितले आहे. समीक्षकाने कष्टांचा गौरव करण्यापूर्वी, ते कष्ट कोणी वाटून घेतले आणि कोणी घेतले नाहीत, हे विचारणे त्याच्या कर्तव्यात येते.

ह्या दिशेने पुष्कळ काम व्हावयाचे आहे. ओव्यांच्या संग्रहांत गाणारीचे वय, तिच्या घरातील माणसे, तिने सांभाळलेली आजारी वा वृद्ध माणसे ह्यांची जेथे नोंद आहे, तेथे विषय आणि वेळ ह्यांचा संबंध तपासता येईल. पाळणा आणि ओवी ह्यांच्या रचनाबंधातील फरकाचा छंदःशास्त्रीय अभ्यास स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. शुश्रूषेचा भार ज्या पुरुष लेखकांवर पडला, त्यांच्या लेखनात असेच परिणाम दिसतात की नाहीत, हे पडताळून पाहिल्याशिवाय वरील विधाने स्त्रीत्वाविषयीची आहेत की वेळाविषयीची, ह्याचा निर्णय लागणार नाही. उपलब्ध पुराव्याचा कौल वेळाच्या बाजूने आहे. तो अंतिम ठरण्यास ह्या तिन्ही दिशांनी अधिक साधने गोळा करणे आवश्यक आहे.